उपासनावर्ष आणि प्रवचन : ग्रेगरीच्या चाळीस शुभवर्तमान-प्रवचनांचा विचार

१

प्रवचनवाङ्मयाचे परीक्षण करताना समीक्षक बहुधा दोन गोष्टी पाहतो : वक्त्याने काय सांगितले आणि कोणत्या भाषेत सांगितले. ते कोणत्या दिवशी सांगितले, हा प्रश्न तो चरित्रकाराकडे किंवा इतिहासकाराकडे सोपवितो. ख्रिस्ती उपासनेत शुभवर्तमानाच्या पाठावर जे प्रवचन होते, त्याच्या बाबतीत मात्र कामाची ही वाटणी फसवी ठरते. तेथे दिवस हा प्रवचनाबाहेरचा तपशील नसतो. प्रवचनाच्या अर्थाचाच तो एक घटक असतो.

याचे कारण उपासनावर्षाच्या रचनेत आहे. आगमनकाळापासून या वर्षाचा आरंभ होतो. पुढे नाताळ, प्रकटीकरणाचा सण, प्रायश्चित्तकाळ, पुनरुत्थानाचा सण, स्वर्गारोहण व पेंटेकॉस्ट अशा क्रमाने येशूच्या चरित्रातील प्रसंग दरवर्षी फिरून येतात. प्रत्येक रविवारासाठी व सणासाठी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांतील एकेक खंड नेमून दिलेला असतो. प्रवचनकाराने विषय निवडावयाचा नसतो. विषय त्याच्यापुढे चालत येतो. श्रोत्यांनाही कथा ठाऊक असते. पूर्वी त्यांनी ती ऐकलेली असते आणि पुढेही ऐकावयाची असते. म्हणजे वक्त्याला विषयनिवडीचे स्वातंत्र्य नाही आणि कथेच्या नवेपणाचा आधारही नाही. अशा दुहेरी बंधनातून वाङ्मयगुण कसा उत्पन्न व्हावा, हा या प्रकारासंबंधीचा मूलभूत प्रश्न होय.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न सर्वस्वी अपरिचित वाटण्याचे कारण नाही. कीर्तनातील आख्यानही श्रोत्यांच्या ओळखीचेच असते. तेथेही कथेपेक्षा कथेचा प्रस्तुत क्षणी केलेला विनियोग अधिक मोलाचा ठरतो. परंतु निरूपणासाठी कोणता अभंग घ्यावा हे ठरविणे बहुतांशी कीर्तनकाराच्या हाती असते. उपासनावर्षातील प्रवचनकाराला तेवढीही मोकळीक नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास पोप पहिला ग्रेगरी याच्या शुभवर्तमानांवरील चाळीस प्रवचनांइतका उपयुक्त संग्रह क्वचितच सापडेल. सामान्यतः हा संग्रह धर्मसिद्धान्तांचे व नीतिबोधाचे भांडार म्हणून वाचला जातो. तो तसा वाचला की त्यातील पुष्कळ भाग शिळा वाटतो. परंतु दिवस, स्थळ आणि पाठ यांच्या संदर्भात तो वाचला, तर त्याचे बलस्थान व त्याची उणीव ही दोन्ही एकाच जागी असल्याचे दिसून येते. जेथे ही तीन अंगे परस्परांना भिडतात, तेथे ग्रेगरीचे प्रवचन जिवंत होते; जेथे पाठ हा केवळ कल्पनेच्या गणिताचे निमित्त होतो, तेथे ते निर्जीव होते. आणि वर्षाचे आवर्तन हे दोन्ही प्रकारच्या अर्थांना सारखेच दीर्घायुष्य देते. या शेवटच्या गोष्टीत या वाङ्मयप्रकाराची खरी जोखीम साठलेली आहे.

२

ग्रेगरीचा जन्म इसवी सन ५४० च्या सुमाराचा. तो रोममधील एका प्रतिष्ठित घराण्यातला. तरुण वयात त्याने नगराच्या प्रमुख अधिकाऱ्याचे पद सांभाळले आणि नंतर केलियन टेकडीवरील वडिलार्जित घराचा मठ करून तो संन्यस्त वृत्तीने राहू लागला. पोपचा प्रतिनिधी म्हणून काही वर्षे कॉन्स्टँटिनोपल येथे राहून तो परतला, तेव्हा रोमची अवस्था बिकट होती. ५८९ च्या अखेरीस तिबेर नदीला महापूर आला. त्यामागून प्लेगची साथ पसरली आणि तीत ५९० च्या आरंभी पोप दुसरा पेलाजियस मरण पावला. उत्तरेकडून लॉम्बार्डांचे भय होतेच. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला ग्रेगरीने धर्मपीठाची सूत्रे हाती घेतली. प्रस्तुत प्रवचने ही या पदारोहणानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतील आहेत.

संग्रहाला जोडलेले अर्पणपत्र ताओर्मिना येथील बिशप सेकुंदिनुस याला उद्देशून आहे. संहितेच्या इतिहासाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे होय. चाळीसपैकी पहिली वीस प्रवचने ग्रेगरीने लेखनिकाला सांगून लिहविली व ती सभेपुढे दुसऱ्याने वाचून दाखविली; उरलेली वीस त्याने स्वमुखाने केली व ती बोलली जात असतानाच लिहून घेतली गेली. संग्रहाचे दोन भाग पडले आहेत ते या भेदाला धरून, वर्षाच्या क्रमाला धरून नव्हे. ग्रेगरीची तक्रार अशी की, काही उत्साही बांधवांनी त्याच्या संस्काराची वाट न पाहता प्रती प्रसृत केल्या. अन्न पुरते शिजण्यापूर्वीच खावयास बसणाऱ्या भुकेल्यांशी तो त्यांची तुलना करतो. शुद्ध प्रत रोमच्या धर्मपीठाच्या दप्तरात ठेविली असून शंका आल्यास तिच्याशी ताडून पाहावे, असेही तो सुचवितो. संहिताशुद्धीची ही जाणीव सहाव्या शतकातील लेखकाच्या ठिकाणी आढळावी, हे लक्षणीय आहे.

लिहविलेले प्रवचन आणि बोललेले प्रवचन यांतील अंतर ग्रेगरीला स्वतःलाच जाणवले होते. पुनरुत्थानाच्या सणाच्या एकविसाव्या प्रवचनाच्या आरंभी तो आपली अडचण उघडपणे मांडतो. पोटाच्या जुनाट व्याधीमुळे लिहविलेला मजकूर स्वतः वाचून दाखविण्याचे बळ त्याच्या अंगी नाही. दुसऱ्याने वाचलेले श्रोते मनापासून ऐकत नाहीत, हेही त्याच्या ध्यानी आले आहे. म्हणून आता जमेल तसे समोरासमोर बोलूनच पाठाचे विवरण करावे, असे तो ठरवितो. वाचलेल्या शब्दापेक्षा बोललेला शब्द सुस्त मनाला लवकर हलवितो, असे त्याचे अनुमान आहे.

या प्रास्ताविकाकडे केवळ प्रकृतीचा वृत्तान्त म्हणून पाहता येणार नाही. वक्त्याचा देह, त्याची व्याधी आणि श्रोत्यांची सुस्ती या तिन्ही गोष्टी येथे प्रवचनाच्या रचनेवर परिणाम घडवितात. पुढील प्रवचनांत वाक्ये अधिक संवादी होतात, प्रश्नांची संख्या वाढते आणि प्रत्यक्ष घडलेल्या कथा सांगण्याकडे वक्त्याचा कल अधिक होतो. अशा कथांपैकी काही त्याने पुढे आपल्या ‘संवाद’ या ग्रंथात पुन्हा योजिल्या आहेत. परंतु त्या प्रथम सांगितल्या गेल्या त्या एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट पाठाला साक्ष म्हणून.

३

दिवस, स्थळ आणि पाठ यांच्या एकत्र येण्याचे पहिले उदाहरण संग्रहाच्या पहिल्याच प्रवचनात आहे. ते आगमनकाळातले असून पाठ लूकच्या एकविसाव्या अध्यायातील आहे : सूर्य, चंद्र व तारे यांत दिसणारी चिन्हे, समुद्राच्या गर्जनेने भयभीत झालेली राष्ट्रे आणि मनुष्याच्या पुत्राचे आगमन. नाताळच्या तयारीच्या दिवसांत जगाच्या अंताचा पाठ यावा, यातच उपासनावर्षाची एक योजना आहे. पहिल्या आगमनाची वाट पाहणाऱ्याला ती दुसऱ्या आगमनाची आठवण देते. ग्रेगरी या योजनेत रोमचे वर्तमान आणून बसवितो. अवघ्या दोन दिवसांपूर्वी आलेल्या वादळाचा तो उल्लेख करतो : जुनाट वृक्ष मुळासकट उपटले गेले, घरे कोसळली, चर्चच्या इमारतीही पायापासून उखडल्या. संध्याकाळी धडधाकट असलेली आणि उद्याचे बेत करीत झोपी गेलेली कितीतरी माणसे त्याच रात्री त्या पडझडीत मरून गेली, याची तो आठवण देतो.

येथे सामान्य वक्ता भीती वाढवीत गेला असता. ग्रेगरी वेगळी वाट धरतो. जगाच्या वार्धक्याची तुलना तो माणसाच्या देहाशी करतो : तारुण्यात छाती भरदार आणि मान ताठ असते, म्हातारपणी पाठ वाकते, धाप लागते, बोलता बोलता श्वास अपुरा पडतो. भूकंप, साथी व युद्धे ही या दृष्टीने आकाशातून पडलेली कुऱ्हाड राहत नाहीत. ती एका थकलेल्या देहाची लक्षणे होतात. वादळाने हादरलेल्या श्रोत्यांच्या मनातील भयाला या दृष्टान्ताने एक ओळखीचा, घरगुती आकार मिळतो. प्रत्येकाने घरातले म्हातारे माणूस पाहिलेले असते. आणि पोटाच्या दुखण्याने जर्जर झालेल्या माणसाच्या लेखणीतून हे वर्णन उतरले आहे, ही गोष्टही त्याच्या परिणामाला पोषकच ठरते.

दुसरे उदाहरण अठ्ठाविसाव्या प्रवचनाचे. संत नेरेउस व अखिल्लेउस या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी त्यांच्या समाधिस्थानी ते झाले. पाठ योहानच्या चौथ्या अध्यायातील राजाच्या अधिकाऱ्याचा : त्याचा मुलगा आजारी आहे, येशूने घरी यावे अशी त्याची विनंती आहे, येशू मात्र त्याच्या घरी जात नाही, शब्दानेच मुलगा बरा करतो. ग्रेगरी या कथेजवळ दुसरी कथा ठेवतो. शताधिपतीचा चाकर आजारी असता येशूने न बोलाविता घरी येण्याची तयारी दाखविली होती. अधिकाऱ्याच्या पुत्राकडे जावयाचे नाही आणि दासाकडे जावयाचे, या विरोधातून माणसांना त्यांच्या श्रीमंतीवरून मान देणाऱ्या वृत्तीवर तो बोट ठेवतो.

एवढ्यावर प्रवचन संपते तर ते एक चांगले नीतिपर विवरण ठरले असते. परंतु पायाखाली समाधी आहे, याचा वक्त्याला विसर पडत नाही. या हुतात्म्यांच्या काळी जग बहरलेले होते : दीर्घायुष्य, समृद्धी, शांतता सर्व काही होते, तरीही त्यांच्या मनात ते जग वाळून गेले होते. आज उलट जगच वाळून गेले आहे आणि तरीही ते ऐकणाऱ्यांच्या मनात फुललेलेच आहे. हा विरोध दुसऱ्या कोणत्याही जागी मांडला असता तर तो केवळ अलंकार झाला असता. थडग्यापाशी उभे राहून, पडझड झालेल्या नगरातील लोकांपुढे मांडल्यामुळे तो पुराव्यासारखा उभा राहतो.

तिसरे उदाहरण पंधराव्या प्रवचनाचे आहे. प्रायश्चित्तकाळाच्या उंबरठ्यावरील रविवारी पेरणाऱ्याच्या दाखल्याचा पाठ येतो. या दाखल्याचे स्पष्टीकरण शुभवर्तमानात येशूने स्वतःच केलेले आहे. त्यामुळे प्रवचनकाराला जणू कामच उरत नाही. ग्रेगरी या अडचणीचाच उपयोग करून घेतो. काटे म्हणजे धन, हा अर्थ आपण आपल्या बुद्धीने सांगितला असता तर कोणाला पटला असता, असे तो विचारतो. काटे बोचतात आणि धन तर सुखविते. अर्थ आणि अनुभव यांतील हे अंतर आधी मान्य करून मगच तो, धन मनाला कसे टोचत व फाडत राहते, याचे विवरण करतो. श्रोत्याच्या मनातील आक्षेप त्याच्या आधी बोलून दाखविण्याचे हे कौशल्य सहजसाध्य नव्हे.

आणि मग येतो सेर्व्हुलुस. संत क्लेमेंटच्या चर्चकडे जाणाऱ्या ओवरीत पडून असलेला हा पक्षाघाताचा रोगी श्रोत्यांपैकी अनेकांनी पाहिलेला होता. त्याला उठून बसता येत नव्हते, हात तोंडापर्यंत नेता येत नव्हता, कूसही बदलता येत नव्हती. आई व भाऊ त्याची शुश्रूषा करीत आणि त्याला मिळालेली भिक्षा त्यांच्याच हातून तो गरिबांना वाटून टाकी. त्याला अक्षरओळख नव्हती. तरीही त्याने पवित्र ग्रंथाच्या पोथ्या विकत घेतल्या होत्या आणि घरी येणाऱ्या धार्मिक पाहुण्यांकडून तो त्या वाचवून घेई. अशा श्रवणाने त्याला ग्रंथ अवगत झाला. मृत्यू जवळ येताच त्याने पाहुण्यांना उभे राहून आपल्याबरोबर स्तोत्रे गाण्यास सांगितले. गाता गाता त्याने एकाएकी सर्वांना थांबविले, स्वर्गातील स्तुतिगान ऐकू येत नाही काय असे विचारले आणि प्राण सोडला.

पाठातील सुपीक जमीन धीराने फळ देते, असे लूक सांगतो. तो धीर म्हणजे काय, हे ग्रेगरी व्याख्येने सांगत नाही. ओवरीतील खाटेकडे बोट दाखवितो. ज्याला हात नव्हते त्याने दान केले आणि ज्याला वाचता येत नव्हते त्याने ग्रंथ मिळविला. मग धडधाकट व साक्षर श्रोत्यांची सबब कोणती? प्रवचनाचा शेवट असा की, त्यातून बाहेर पडणारा श्रोता रस्त्याने जाताना ती रिकामी ओवरी टाळू शकत नाही.

४

ग्रेगरीचे प्रत्येक प्रवचन या उंचीवर पोचत नाही. रूपकात्मक अर्थ लावण्याची जी पद्धती त्याला पूर्वसूरींकडून मिळाली, तिच्यात पाठातील प्रत्येक शब्दाला, अंकाला व वस्तूला गूढ अर्थ देण्याचा मोह आहे. चोविसाव्या प्रवचनात या मोहाचे टोक दिसते. पाठ योहानच्या शेवटच्या अध्यायातील आहे : पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी शिष्यांना येशू दिसतो आणि त्यांच्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे सापडतात. या आकड्याची संगती ग्रेगरी अशी लावतो : आज्ञा दहा, पवित्र आत्म्याची दाने सात, त्यांची बेरीज सतरा, सतराला तिनाने गुणून एक्कावन्न आणि एक्कावन्नला पुन्हा तिनाने गुणून एकशे त्रेपन्न. हिशोब चोख आहे. परंतु तो कोणत्याही दिवशी, कोणत्याही गावी, कोणत्याही श्रोत्यापुढे मांडता येण्याजोगा आहे. पहाटेचा किनारा, रात्रभर फुकट गेलेले श्रम, विस्तवावर भाजत ठेवलेला मासा आणि विचारण्याचे धैर्य न झालेले शिष्य यांपैकी काहीही या गणिताला लागत नाही.

या पद्धतीचे समर्थन असे करता येईल की, त्या काळच्या श्रोत्याला अशा अर्थविस्तारात रस होता आणि धर्मग्रंथातील एकही अक्षर व्यर्थ नाही या श्रद्धेचा तो आविष्कार होता. हे समर्थन ऐतिहासिकदृष्ट्या रास्त आहे. परंतु ग्रेगरीची कसोटी ग्रेगरीलाच लावता येते. चोविसाव्याच्या अगदी शेजारचे तेविसावे प्रवचन पाहावे. ते संग्रहातील अत्यंत आटोपशीर प्रवचनांपैकी एक आहे. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना अनोळखी सोबती भेटतो. तो त्यांना धर्मशास्त्राचा अर्थ सांगत जातो, पण त्यांना त्याची ओळख पटते ती भाकरी मोडताना. ग्रेगरी यातून एकच गोष्ट उचलतो : शिष्यांना प्रकाश मिळाला तो आज्ञा ऐकताना नव्हे, ती आचरताना, वाटसरूला त्यांनी आग्रहाने घरी थांबविले, तेव्हा. मग तो एका यजमानाची गोष्ट सांगतो. हा गृहस्थ रोज पाहुण्यांचे आतिथ्य करी. एके दिवशी एका वाटसरूच्या हातावर पाणी घालण्यासाठी तो वळला आणि पाहतो तो वाटसरू नाहीसा झालेला. त्या रात्री प्रभूने त्याला दर्शन देऊन सांगितले की, इतर दिवशी तू माझ्या लोकांच्या रूपाने माझा स्वीकार केलास. काल मात्र प्रत्यक्ष माझाच केलास.

सणाच्या दिवसांत, घरोघरी पाहुण्यांची वर्दळ असताना, हे प्रवचन ऐकणाऱ्याच्या दारापर्यंत जाते. आतिथ्याची ही कल्पना अतिथीला देव मानणाऱ्या भारतीय वाचकाला परकी वाटणार नाही. चोविसाव्या प्रवचनात जे अनेक अर्थ आहेत, त्यांपेक्षा तेविसाव्यातील एकच अर्थ अधिक टिकाऊ ठरतो. कारण तो पाठातून निघून दिवसात उतरतो.

५

ग्रेगरीच्या सामर्थ्याचा आणि त्याच्या मर्यादेचा निर्णायक पुरावा मग्दालिया मरीयेसंबंधीच्या दोन प्रवचनांत सापडतो. पंचविसावे प्रवचन पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या गुरुवारचे असून पाठ योहानच्या विसाव्या अध्यायातील आहे. थडगे रिकामे आहे. शिष्य पाहून परत गेले आहेत. मरीया मात्र बाहेर रडत उभी आहे. ती पुन्हा वाकून आत पाहते. आधी पाहिलेलेच पुन्हा का पाहावे? ग्रेगरीचे उत्तर असे की, प्रेमाला एकदा पाहून समाधान होत नाही. विलंबाने जी इच्छा मावळते ती इच्छाच नव्हे. खरी इच्छा विलंबाने वाढत जाते. माळी समजून ती येशूला विचारते, तेव्हा ज्याचा शोध चालला आहे त्याचे नावही ती घेत नाही. आपल्या मनात जो अखंड वसतो आहे तो समोरच्यालाही ठाऊक असणारच, असे प्रेम गृहीत धरून चालते. तिने त्याला माळी समजणे ही चूक तरी कशी म्हणावी? तिच्या हृदयात सद्गुणांचे बी लावणारा तो माळीच नव्हता काय? येशू तिला प्रथम केवळ बाई म्हणून हाक मारतो, तेव्हा ओळख पटत नाही. नावाने हाक मारताच पटते. आणि नंदनवनात स्त्रीने पुरुषाला मरण दिले होते, थडग्यापाशी स्त्रीच पुरुषांना जीवनाची वार्ता देते, अशा विरोधाने कथेचे वर्तुळ पूर्ण होते.

विरहभक्तीच्या वाङ्मयाशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला या विवरणातील मनोज्ञान सहज जाणवेल. येथे रूपक आहे, पण ते अंकांचे नाही. ते पाठातील स्त्रीच्या हालचालींतून उगवलेले आहे. तिचे वाकणे, तिचे रडणे, तिचे अर्धवट बोलणे यांपैकी प्रत्येकाला ग्रेगरी अर्थ देतो आणि तरीही ती स्त्री स्त्रीच राहते.

तेहेतिसाव्या प्रवचनाचा पाठ लूकच्या सातव्या अध्यायातील आहे. शिमोन परूश्याच्या घरी भोजन चालले असता नगरातील एक पापी स्त्री आत येते, आपल्या आसवांनी येशूचे पाय भिजविते, केसांनी पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. लूक तिचे नाव सांगत नाही. ग्रेगरी मात्र आरंभीच असे मानतो की, ही स्त्री, योहानने वर्णिलेली बेथानीची मरीया आणि जिच्यातून सात भुते निघाली असे मार्क सांगतो ती मग्दालिया मरीया, या तिघी एकच होत. सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण, असा अर्थ तो लावतो. मग पश्चात्तापाचे एक अप्रतिम चित्र उभे राहते : जे तेल पूर्वी स्वतःच्या देहाच्या सुगंधासाठी होते, जे डोळे व केस ऐहिक सुखासाठी होते, जे तोंड गर्वाच्या भाषणासाठी होते, ते सर्व आता प्रभूच्या चरणी वाहिले जाते, जितके विलास तितकीच समर्पणे.

चित्र अप्रतिम आहे आणि ओळख निराधार आहे. लूकच्या सातव्या अध्यायात मग्दालियेचा उल्लेख नाही; पुढील अध्यायाच्या आरंभी ती येते ती एक निराळी व्यक्ती म्हणून. सात भुतांचा उल्लेख तेथे व्याधीच्या संदर्भात आहे. दुराचाराचा त्यात गंधही नाही. तिघींच्या एकपणाची शंका पूर्वीच्या काही धर्मपंडितांनी बोलून दाखविली होती; परंतु ग्रेगरीने ती शंका रोमच्या धर्मपीठावरून निश्चितपणे उच्चारली. पंचविसाव्या प्रवचनातही आरंभी हीच ओळख डोकावते. मात्र तेथे पाठ तिला मागे सारतो. तेहेतिसाव्यात पाठाने न सांगितलेली गोष्ट पाठावर लादली गेली. संख्यांचे गणित करणारी जी वृत्ती चोविसाव्या प्रवचनात केवळ निष्फळ होती, ती येथे एका स्त्रीच्या चारित्र्याचा प्रश्न होऊन बसली.

६

या चुकीचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे उपासनावर्ष हे काय सामर्थ्य आहे याची कल्पना येते. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या आज्ञेवरून पॉल द डीकन याने प्रवचनांचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात ग्रेगरीची प्रवचने वर्षाच्या क्रमाने विखुरली गेली. मठांतील प्रार्थनाविधींत त्यांचे अंश वाचले जाऊ लागले. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत मग्दालियेचा सण २२ जुलैला येतो. त्या दिवशीच्या मिस्सेत १५७० च्या रोमन मिस्सा-ग्रंथानुसार लूकच्या सातव्या अध्यायातील त्या अनामिक पापी स्त्रीचाच पाठ होता. म्हणजे जे मूळात एका प्रवचनातील अनुमान होते, ते पंचांगात शिरले आणि पाठाची निवड हेच भाष्य झाले. प्रवचनकाराने काही न बोलताही श्रोत्याला मग्दालिया कोण ते कळत होते. पौर्वात्य ख्रिस्तसभेने या स्त्रियांना वेगवेगळेच मानले होते. १५१७ मध्ये फ्रेंच विद्वान जाक लफेव्र देताप्ल याने या एकीकरणावर आक्षेप घेतला, तेव्हा १५२१ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्रज्ञांनी त्याचेच मत निषिद्ध ठरविले. ग्रंथातील युक्तिवाद दरवर्षी ऐकलेल्या पाठापुढे दुबळा ठरला.

हाच पाठक्रम पोर्तुगीज अमलाबरोबर गोव्यातही रुजला. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६२ मध्ये असा निर्णय दिला होता की, मिस्सा सर्वत्र लोकभाषेत करणे इष्ट नाही, परंतु तीत जे वाचले जाते त्याचे विवरण धर्मगुरूंनी वारंवार, विशेषतः रविवारी व सणांच्या दिवशी, लोकांना करून सांगावे. साष्टीतील श्रोत्याच्या कानी शुभवर्तमान पडे ते एका अगम्य भाषेत आणि तुकड्यातुकड्यांनी. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ मध्ये रायतूर येथे प्रथम छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. त्याचे वाचन चर्चमधून रविवारी व सणांच्या दिवशी होत असे. दोन पुराणांचे मिळून पंचाण्णव अध्याय आणि सुमारे अकरा हजार ओव्या असलेला हा ग्रंथ पाठाचे तुकडे करीत नाही. उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत कथा सलग वाहते. पंचांगाने विखुरलेले चरित्र पुराणाने पुन्हा एकत्र ओवले, आणि तेही श्रोत्याच्या परिचित छंदात. प्रवचन आणि पुराण ही एकाच गरजेची दोन उत्तरे होत : एक दिवसाला धरून खोल जाते, दुसरे कथेला धरून लांब जाते. सेर्व्हुलुससारखा निरक्षर श्रोता दोन्हींच्या मुळाशी आहे.

ग्रेगरीने ज्या पाठांवर प्रवचने केली, त्यांपैकी पुष्कळ पाठ त्याच त्या रविवारी रोमन उपासनेत चालत राहिले. १९६९ च्या सुधारणेने ही जुनी व्यवस्था बदलली. रविवारांसाठी तीन वर्षांचे चक्र आले. मत्तय, मार्क व लूक यांच्याकडे एकेक वर्ष सोपविण्यात आले आणि योहानच्या पाठांना त्या तिन्ही वर्षांत जागा मिळाली. त्याच सुधारणेत २२ जुलैचा पाठही बदलला. लूकमधील अनामिक स्त्रीच्या जागी योहानच्या विसाव्या अध्यायातील, थडग्यापाशी रडणारी व नावाने हाक मारताच ओळखणारी मरीया आली. २०१६ मध्ये त्या स्मृतिदिनाला सणाचा दर्जा देण्यात आला.

या बदलातील एक गोष्ट समीक्षकाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. चूक दूर झाली ती एखाद्या प्रबंधाने नव्हे. प्रबंध तर साडेचारशे वर्षांपूर्वीच लिहिला गेला होता. दिवसाच्या पाठाने जे रूढ केले होते, ते दिवसाचा पाठ बदलल्यानेच दुरुस्त होऊ लागले. आणि जो नवा पाठ आला तो ग्रेगरीच्याच पंचविसाव्या प्रवचनाचा पाठ होता. तेहेतिसाव्या प्रवचनाचे उत्तर त्याच संग्रहात, आठ प्रवचने मागे, आधीपासून लिहिलेले होते.

उपासनावर्षातील प्रवचनाचे मूल्यमापन करताना म्हणूनच केवळ वक्तृत्वाची किंवा केवळ सिद्धान्ताची कसोटी पुरेशी नाही. नेमून दिलेला पाठ हे बंधन आहे, आणि ग्रेगरी जेथे ते बंधन पाळतो तेथेच तो मोठा होतो : वादळानंतरच्या आगमनकाळात, हुतात्म्यांच्या समाधीपाशी, ओवरीतील खाटेशेजारी, रिकाम्या थडग्यासमोर. जेथे तो पाठाहून अधिक जाणतो असे वाटू लागते, तेथे त्याचे बोलणे एक तर विरून जाते, किंवा, जे अधिक वाईट, विरत नाही. व्याख्यानातील चूक सभागृहातच राहू शकते. पंचांगात शिरलेली चूक दरवर्षी नव्याने ऐकली जाते. ग्रेगरीच्या शब्दांनी एका स्त्रीला सुमारे चौदा शतके पापिणी ठरविले आणि त्याच्याच शब्दांनी तिला पुनरुत्थानाची पहिली वार्ताहर म्हणूनही जपले. यांपैकी कोणते शब्द दिवसाच्या पाठाशी इमान राखून होते, हे ठरविणे समीक्षेचे काम होय.